रक्ताचा कर्करोग, जनुकीय चाचण्या आणि रोगाचे भवितव्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा किंवा एमडीएस (अस्थिमज्जेत सदोष रक्तपेशी बनण्याचा विकार) यांपैकी एखाद्या आजाराचे निदान झाले की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत रुग्णाच्या फाइलमध्ये जनुकीय चाचण्यांचे अहवाल जमू लागतात. त्या अहवालांतला ‘हाय रिस्क’ हा एवढासा शब्द घरातल्या सगळ्यांची झोप उडवायला पुरेसा असतो. तो शब्द कुठून येतो, कोणत्या संशोधनावर उभा आहे आणि त्यावर किती भिस्त ठेवावी, याविषयी रुग्ण आणि नातेवाईक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उपचारांचा निर्णय अर्थातच आपल्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोलूनच करावा.

हा जनुकांचा आजार आहे असे डॉक्टर म्हणतात. मग तो आमच्या मुलांना होणार का?

बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. रक्ताच्या कर्करोगातील जनुकीय बदल बहुधा जन्मानंतर, आयुष्याच्या कुठल्या तरी टप्प्यावर, अस्थिमज्जेतील एखाद्याच पेशीत घडतो आणि त्या पेशीच्या वंशजांपुरताच राहतो. बीजपेशींमध्ये तो नसल्यामुळे पुढच्या पिढीत जात नाही.

काही कुटुंबे मात्र याला अपवाद आहेत. डीडीएक्स४१, रन्क्स१, सीईबीपीए, गाटा२ अशा काही जनुकांतील दोष जन्मतःच शरीराच्या प्रत्येक पेशीत असू शकतो आणि तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. डीडीएक्स४१ हे जनुक विशेष फसवे आहे, कारण त्यामुळे होणारा आजार पुष्कळदा साठीनंतर दिसतो आणि उतारवयातल्या आजाराला आनुवंशिक कारण असेल अशी शंका कुणाला येत नाही. जन्मजात दोषाची खात्री करताना रक्त किंवा लाळ तपासून भागत नाही. रक्त तर आजारीच असते आणि लाळेतही पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतात. म्हणून त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि त्या तपासतात.

ही तपासणी केवळ कुतूहलापोटी केली जात नाही. बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा विचार चालू असेल आणि तोच दोष त्यांच्यातही असेल, तर सदोष पेशीच रुग्णाला दिल्या जाण्याचा धोका असतो. त्यामुळे घराण्यात रक्ताचे आजार किंवा लहानपणापासून प्लेटलेट कमी असणे असा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावा.

जनुकीय बदलावरून रोगाचे भवितव्य सांगता येते, हे मुळात कसे लक्षात आले?

या विषयाची सुरुवात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाली. पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना १९६० साली क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएमएलच्या, रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसले, आणि त्याला त्या शहराचेच नाव मिळाले. ते आखूड का आहे याचा उलगडा शिकागोतील जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये केला : क्रमांक ९ आणि क्रमांक २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. दोन वह्यांची पाने सुटून चुकीच्या वहीत शिवली जावीत, तसा हा प्रकार आहे. या शिवणीवर बीसीआर-एबीएल१ हे नवे, जोडजनुक तयार होते आणि त्यापासून बनणारे प्रथिन पेशीला सतत वाढत राहण्याचा आदेश देते.

नेमके हेच प्रथिन रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मंजूर झाले. त्याआधी सीएमएलचे बहुतेक रुग्ण काही वर्षांतच तीव्र अवस्थेत जात. इमॅटिनिबच्या मूळ चाचणीचा दहा वर्षांहून अधिक पाठपुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा या औषधाने सुरुवात केलेल्या गटातील दहा वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८३ टक्के निघाले. भारतात या औषधाच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले आणि जेनेरिक गोळीचा मार्ग मोकळा राहिला. प्रयोगशाळेतील शोधाने रोगाचे भवितव्य बदलते हे खरेच, पण ती गोळी रोज घेणे परवडते का, यानेही ते तेवढेच बदलते.

अहवालातील ती आकडे आणि कंस असलेली ओळ कशी वाचायची?

उदाहरण म्हणून सीएमएलमधील एक ओळ देवनागरीत लिहून पाहू : ४६,एक्सवाय,टी(९;२२)(क्यू३४;क्यू११.२)[२०].

पहिला आकडा एकूण गुणसूत्रांचा, म्हणजे संख्या बरोबर आहे. एक्सवाय म्हणजे रुग्ण पुरुष आहे. ‘टी’ म्हणजे स्थानांतरण, आणि पुढच्या कंसात कोणत्या दोन गुणसूत्रांमध्ये ते झाले हे दिलेले असते. ‘क्यू’ म्हणजे गुणसूत्राची लांब भुजा आणि त्यापुढचे आकडे म्हणजे तुटलेली जागा. शेवटच्या चौकोनी कंसातील २० चा अर्थ असा की तपासलेल्या वीसही पेशींत हा बदल आढळला. तेथे बाराच पेशी आणि तिरप्या रेघेनंतर आठ निरोगी पेशी असे लिहिलेले असेल, तर निरोगी पेशीही मज्जेत शिल्लक आहेत. संख्येपुढे ‘वजा ७’ दिसले तर सातव्या क्रमांकाच्या गुणसूत्राची एक प्रत नाहीशी झाली आहे, आणि ‘डेल’ दिसले तर गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे.

कॅरिओटाइप, फिश, पीसीआर, एनजीएस : एकाच नमुन्यावर इतक्या चाचण्या कशासाठी?

यातील प्रत्येक चाचणीला काही तरी दिसते आणि काही तरी दिसत नाही. कॅरिओटाइपमध्ये सर्व गुणसूत्रे एका नजरेत येतात, पण सूक्ष्म बदल निसटतात. मुलांच्या एएलएलमधील, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातील, ईटीव्ही६-रन्क्स१ हे जोडजनुक चांगल्या भवितव्याचे लक्षण मानले जाते, पण कॅरिओटाइपमध्ये ते जवळजवळ कधीच दिसत नाही. त्यासाठी फिश करावी लागते. फिशमध्ये चमकणाऱ्या रंगांनी शेकडो पेशी तपासता येतात, परंतु ज्या बदलासाठी रंग लावला तेवढाच दिसतो. पीसीआरमध्ये एखाद्या ठरावीक जनुकीय बदलाच्या असंख्य प्रती करून तो शोधतात. एनजीएसमध्ये अनेक जनुकांची अक्षरे एकाच वेळी वाचली जातात, तरीही एफएलटी३ जनुकातील लांब पुनरावृत्ती (त्या जनुकाचाच एक तुकडा पुन्हा येणे) त्यात कधी कधी हुकते, म्हणून त्यासाठी वेगळी चाचणी लावतात. मोठ्या पॅनेलचा महागडा अहवाल हाती आला म्हणजे बाकीच्या चाचण्या अनावश्यक ठरल्या, असे मानू नये.

चाचणी किती विश्वासार्ह ठरणार हे पुष्कळदा नमुना घेतानाच ठरते. कंबरेच्या हाडातून सुईने मज्जा ओढतात तेव्हा पहिल्या ओढीत मज्जेच्या पेशी सर्वाधिक असतात आणि नंतरच्या ओढींत साधे रक्त मिसळत जाते. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपारिन असते. कॅरिओटाइपसाठी पेशी जिवंत आणि विभाजनक्षम राहाव्या लागतात, म्हणून तो नमुना या नळीत पाठवतात. पीसीआर आणि एनजीएससाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी वापरतात, कारण हेपारिनमुळे पीसीआरच्या प्रक्रियेत अडथळा येतो. जिल्ह्याच्या गावातून मुंबई-पुण्याला कुरिअरने निघालेली हिरवी नळी शनिवार-रविवार उन्हात पडून राहिली तर ‘पेशींची वाढ झाली नाही’ एवढाच अहवाल येतो. हाडाला पुन्हा सुई लावण्याची वेळ येऊ नये म्हणून नमुना कोणत्या दिवशी निघणार आणि कधी पोहोचणार हे आधी विचारून घेणे अगदी रास्त आहे.

एएमएलमध्ये, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, चांगला, मध्यम आणि वाईट असे गट कसे ठरवतात?

जगभर सर्वाधिक वापरली जाते ती युरोपियन ल्युकेमियानेट या संस्थेची, म्हणजे ईएलएनची, वर्गवारी. तिच्या २०१०, २०१७ आणि २०२२ अशा आवृत्त्या निघाल्या. आठ आणि एकवीस या गुणसूत्रांमधील स्थानांतरण, सोळाव्या गुणसूत्रातील उलटापालट, किंवा एफएलटी३ची पुनरावृत्ती सोबत नसलेला एनपीएम१ या जनुकातील बदल असेल तर रुग्ण अनुकूल गटात येतो. एनपीएम१ हा बदल इटलीतील ब्रुनान्जेलो फालिनी यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवून दिला आणि प्रौढांच्या एएमएलमध्ये तो सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आढळतो. तीन किंवा अधिक गुणसूत्रीय बिघाड एकत्र असणे, सातव्या गुणसूत्राची प्रत नसणे, टीपी५३ हे जनुक बदललेले असणे ही प्रतिकूल गटाची लक्षणे आहेत.

या आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते, आणि आमच्या मते या संपूर्ण विषयात तीच सर्वांत महत्त्वाची आहे : गट आजाराला जितका चिकटलेला असतो तितकाच त्या काळच्या उपचारालाही चिकटलेला असतो. २०१७ मध्ये एफएलटी३ची पुनरावृत्ती किती प्रमाणात आहे यावर रुग्ण अनुकूल, मध्यम की प्रतिकूल हे ठरत असे. त्याच वर्षी मिडोस्टॉरिन हे एफएलटी३ रोखणारे औषध मंजूर झाले, आणि २०२२ च्या आवृत्तीत असे रुग्ण सरसकट मध्यम गटात आले. त्याहून बोलके उदाहरण २०२४ चे आहे. तीव्र किमोथेरपी न पेलणाऱ्या रुग्णांसाठी ईएलएनने स्वतंत्र वर्गवारीच काढली, कारण २०२२ ची वर्गवारी तीव्र किमो घेतलेल्या रुग्णांवर बेतलेली होती. एएसएक्सएल१ हा बदल २०२२ च्या तक्त्यात प्रतिकूल ठरतो. सौम्य उपचारांच्या तक्त्यात मात्र एफएलटी३ची पुनरावृत्ती, एनआरएएस, केआरएएस आणि टीपी५३ यांपैकी काही सोबत नसेल तर तोच रुग्ण अनुकूल गटात बसतो.

म्हणून आपला गट कोणता, एवढे विचारून थांबू नये. कोणत्या वर्गवारीनुसार आणि कोणता उपचार गृहीत धरून तो ठरवला, हेही विचारावे.

वाईट समजला जाणारा आजार खरोखर चांगल्या गटात गेला आहे, असे उदाहरण आहे का?

आहे, आणि तेही ठळक आहे. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचे, म्हणजे एपीएलचे, वर्णन नॉर्वेतील हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये केले, तेव्हा तो तीव्र ल्युकेमियाचा सर्वांत घातक प्रकार वाटत होता, कारण रुग्ण काही दिवसांत रक्तस्रावाने दगावत. या आजारात पंधरा आणि सतरा या गुणसूत्रांमधील स्थानांतरणातून पीएमएल-आरएआरए हे जोडजनुक तयार होते. चीनमध्ये शांघायच्या वांग झेनयी यांच्या गटाने १९८० च्या दशकात अ जीवनसत्त्वाच्या कुळातील एट्रा हे औषध वापरले, हार्बिनच्या डॉक्टरांनी आर्सेनिकचा उपयोग दाखवला, आणि पुढे ही दोन्ही औषधे एकत्र आली. इटली-जर्मनीतील २०१३ च्या चाचणीत कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांना नेहमीची किमो न देता केवळ ही दोन औषधे दिली, तेव्हा दोन वर्षांनी ९९ टक्के रुग्ण हयात होते. आता धोका राहिला आहे तो मुख्यतः पहिल्या काही दिवसांतल्या रक्तस्रावाचा. म्हणूनच संशय येताच, जनुकीय अहवालाची वाट न पाहता, एट्रा सुरू करतात. जनुकीय चाचणी अत्यावश्यक असूनही तिच्यासाठी थांबायचे नाही, असा हा विरळा प्रसंग आहे.

उतारवयातील सीएलएलमध्येही, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियातही, काहीसे असेच घडले. सतराव्या गुणसूत्राची आखूड भुजा, म्हणजेच टीपी५३ची जागा, गळालेली असेल तर जुनी किमो फारशी लागू पडत नसे. आयब्रुटिनिब २०१४ मध्ये आणि व्हेनेटोक्लॅक्स २०१६ मध्ये अमेरिकेत या रुग्णांसाठी उपलब्ध झाले. टीपी५३मध्ये बिघाड असलेल्या ३४ रुग्णांना पहिल्यापासून आयब्रुटिनिब दिलेल्या एका छोट्या अभ्यासात सहा वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे अंदाजे प्रमाण ७९ टक्के होते. मायलोमामध्येही चार आणि चौदा या गुणसूत्रांमधील स्थानांतरणाची धार बोर्टेझोमिब या औषधाने काहीशी बोथट केली.

तरीही सगळीकडे असे झालेले नाही, हे सांगितलेच पाहिजे. टीपी५३ बदललेल्या एएमएलमध्ये नवी औषधे येऊनही बहुतेक अभ्यासांत निम्म्या रुग्णांची साथ वर्षाच्या आतच सुटते. तेथे उपचार किती तीव्र करायचे, प्रत्यारोपणाकडे जायचे की घरी, त्रास कमी करण्यावर भर देत राहायचे, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवावे लागते.

इंटरनेटवर ‘सरासरी आयुष्य ३२ महिने’ असे वाचले. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

हा आकडा बहुधा हार्टमुट ड्योनर आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या सीएलएलच्या अभ्यासातून आलेला असतो. त्यात ३२५ रुग्ण होते. सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्यांसाठी ३२ महिने आणि केवळ तेराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्यांसाठी १३३ महिने असे आकडे त्यात आले. अभ्यास उत्तम होता आणि सीएलएलमध्ये ही चाचणी सर्वत्र रूढ झाली ती त्यामुळेच.

परंतु ३२ महिने ही सरासरी नसून मध्यिका आहे : निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतरही राहिले, काही तर कितीतरी अधिक काळ. शिवाय त्या रुग्णांपैकी कुणालाही आजची औषधे मिळालेली नव्हती. दीर्घकालीन आकडे हे नेहमीच मागच्या पिढीच्या उपचारांचे आकडे असतात, कारण दहा वर्षांचा निकाल हाती यायला दहा वर्षे जावी लागतात. आणखी एक बाब अशी की हा अंदाज निदानाच्या दिवसापासून मोजलेला असतो. पहिली दोन वर्षे आजार न उलटता पार पडली, तर पुढचा अंदाज नव्याने मांडावा लागतो आणि तो बहुधा अधिक आशादायक निघतो.

सुरुवातीचा गट आणि नंतरचा एमआरडी अहवाल यांत विसंगती असेल तर कशाला अधिक महत्त्व द्यायचे?

एमआरडी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काहीही दिसत नसताना शरीरात उरलेला आजार, जो दहा हजारांत एक पेशी इतक्या सूक्ष्म प्रमाणातही पकडता येतो. निदानाच्या वेळचा गट हा अंदाज असतो, तर एमआरडी हे त्या विशिष्ट रुग्णाच्या शरीराने उपचाराला दिलेले प्रत्यक्ष उत्तर असते. त्यामुळे साधारणपणे एमआरडीचे वजन अधिक. एनपीएम१ असलेल्या रुग्णांवरील ब्रिटिश अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, दुसऱ्या किमोनंतरही रक्तात तो बदल सापडत राहिलेल्यांपैकी ८२ टक्के जणांचा आजार तीन वर्षांत उलटला. ज्यांच्या रक्तातून तो नाहीसा झाला त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के होते. म्हणजे ‘अनुकूल’ शिक्क्याच्या आतही दोन अगदी वेगळ्या वाटा होत्या.

सीएमएलमध्ये हेच काम बीसीआर-एबीएल१ची पीसीआर करते. उपचार सुरू झाल्यावर बीसीआर-एबीएल१चे प्रमाण तिसऱ्या महिन्यात १० टक्के, सहाव्यात १ टक्का आणि वर्षाअखेर ०.१ टक्का किंवा त्याखाली, असे टप्पे ठरलेले आहेत. चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे ताडून पाहताना नसलेली वाढ दिसते आणि विनाकारण घबराट होते.

हे सारे संशोधन परदेशातले आहे. ते भारतीय रुग्णांना लागू पडते का?

बरेचसे पडते, सगळे नाही. जोखमीचे तक्ते प्रामुख्याने युरोप, अमेरिका आणि जपानमधील रुग्णांवरून बनले आहेत. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींमध्ये सीएमएलचे रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा दशकभराहूनही तरुण दिसतात. ज्या तक्त्यात वय हाच एक घटक आहे, तो येथे वापरताना हे भान ठेवावे लागते. उशिरा झालेले निदान, किमोदरम्यानचे जंतुसंसर्ग आणि पैशांअभावी अर्धवट सुटलेला उपचार यांचा हिशोब तर कोणताच जनुकीय तक्ता करीत नाही.

रुग्णाच्या स्वतःच्या जन्मजात जनुकांचाही येथे संबंध येतो. एएलएलच्या मुलांना दोन-अडीच वर्षे ६-मर्कॅप्टोप्युरिन ही गोळी दिली जाते. काही मुलांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या मात्रेनेच धोकादायकरीत्या घटतात. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याचे कारण म्हणून टीपीएमटी जनुक सांगितले जात असे. पूर्व आशियातील आणि भारतातील मुलांमध्ये मात्र एनयूडीटी१५ या जनुकातील बदल अधिक महत्त्वाचा ठरला. तो आधी कळला तर मात्रा कमी ठेवून उपचार खंड न पडता चालवता येतात. मुलांच्या एएलएलसाठी भारतातील मोठ्या केंद्रांनी एकत्र येऊन ‘आयसायकल’ हा सामाईक उपचारक्रम आखला, ज्यात जनुकीय गट आणि एमआरडी या दोहोंवरून उपचाराची तीव्रता ठरते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांच्या सहकार्यातून घडलेली नेक्सकार१९ ही सीएआर-टी पेशींची (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत जनुकीय बदल करून त्या कर्करोगाविरुद्ध वापरण्याची) उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मंजूर झाली. प्रचलित जोखीम-तक्ते तयार झाले तेव्हा हे उपचार नव्हते.

रक्तात जनुकीय बदल सापडला, पण कर्करोग नाही म्हणतात. हे कसे?

वय वाढते तसे काही रक्तपेशींत डीएनएमटी३ए, टेट२, एएसएक्सएल१ यांसारख्या जनुकांत बदल साचतात. सत्तरी ओलांडलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक लोकांत असे बदल आढळतात, हे २०१४ मधील मोठ्या अभ्यासांत दिसून आले. त्यांपैकी वर्षाकाठी साधारण अर्धा ते एक टक्का लोकांनाच पुढे रक्ताचा कर्करोग होतो. हृदयविकाराचा धोकाही अशा लोकांत काहीसा वाढलेला असतो, म्हणून रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांकडे लक्ष देणे हेच येथे बहुधा सर्वांत उपयोगी पाऊल ठरते. निरोगी माणसाने धास्तीपोटी ही चाचणी करून घ्यावी, असे आम्हाला वाटत नाही.

अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आहे. काळजी करावी का?

नाही. तो बदल रोगाशी संबंधित आहे की केवळ माणसामाणसांतील सहज फरक आहे, हे आजच्या माहितीवरून ठरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा शेऱ्यावरून उपचार बदलत नाहीत.

संशोधनात सहभागी होण्याविषयी विचारणा झाली आहे. काय पाहावे?

केवळ नमुना साठवण्याची परवानगी मागितली आहे की नवे औषध दिले जाणार आहे, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. औषधाची चाचणी असेल तर ती सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत असलीच पाहिजे. २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि ती कुणालाही पाहता येते. संमतीपत्र मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे. कोणत्याही टप्प्यावर माघार घेता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

जुने अहवाल किती काळ जपावेत?

कायम. त्यातही निदानाच्या वेळचा पहिला जनुकीय अहवाल सर्वांत मोलाचा, कारण नंतर एमआरडी शोधताना नेमका कोणता बदल शोधायचा हे त्यावरूनच कळते. आजार उलटला तर तो जुनाच आहे की नवा बदल घेऊन आला आहे, हेही त्याच्याशी ताडूनच ठरते. सीएमएलमध्ये, उदाहरणार्थ, टी३१५आय हा नवा बदल आढळला तर इमॅटिनिब बंद करून पोनॅटिनिब किंवा असिमिनिब यांसारख्या औषधाकडे वळावे लागते. रुग्णालय बदलताना फक्त डिस्चार्ज कार्ड नेले जाते आणि जनुकीय अहवाल घरच्या कपाटात राहतो, असे पुष्कळदा घडते. म्हणून सर्व पानांची पीडीएफ प्रत घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावी, आणि प्रयोगशाळेत डीएनए साठवून ठेवला आहे का व किती वर्षे ठेवणार आहेत, हे निदानाच्या वेळीच विचारून अहवालावर लिहून घ्यावे.